हाळी ऐकू आली होती

यंदा कारखान्याचा बॉयलर पेटणार नाही, हे मला बीडच्या स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर कळलं. शिरूरच्या गाडीचा कंडक्टर ड्रायव्हरला सांगत होता, "ऊसच न्हाई तर गाळतेत काय, बाभळी?" ड्रायव्हर हसला. मग कंडक्टरनं मोबाइल काढून त्याला एक फोटो दाखवला आणि मीही आगंतुकपणे मधे मान घातली. फोटो आमच्या कारखान्यामागच्या मैदानाचा होता. मैदानावर बारदानाचे मांडव, शेणाचे ढीग, पाण्याचा टँकर, आणि उगवतीकडच्या गोलपोस्टाच्या पाइपाला बांधलेला एक खिलार बैल. "छावणी पडली बगा परत," कंडक्टर मला म्हणाला. मी विचारलं, "गोलपोस्ट अजून उभा आहे?" तो म्हणाला, "कसला पोस्ट? त्यो खांब व्हय?"

त्या खांबासमोर माझी सहा वर्षं गेली. त्यानंतरची अकरा वर्षं दुसऱ्या खांबांसमोर गेली, पण ते चांगल्या रंगाचे, जाळी असलेले होते, त्यामुळे त्यांची आठवण येत नाही.

आमच्या भागात वर्ष पाडव्याला सुरू होतं ते कॅलेंडरापुरतं. खरं वर्ष दसरा उलटल्यावर, कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा वाजतो तेव्हा सुरू होतं. त्या भोंग्यावर लोक घड्याळं लावायचे, बाया चुली पेटवायच्या, आणि माझा बाप नेकनूरच्या रानात असला तरी मान वर करून म्हणायचा, "झालं चालू." एवढ्या लांब भोंगा ऐकू येणं शक्य नाही. पण बापाला ऐकू यायचा, आणि आम्ही त्याच्याशी वाद घालत नसू. मग बैलगाड्यांच्या रांगा, रस्त्यावर सांडलेला ऊस, तो उचलून पळणारी शाळेतली पोरं, आणि सगळ्यावर मळीचा तो गोड आंबूस वास. तो वास कपड्यांतून जात नाही. लग्न झाल्यावर माझी बायको म्हणाली होती, "तुमच्या जुन्या सदऱ्याला गुळाचा वास येतो का दारूचा, तेच मला ठरवता येत नाही."

कारखाना सहकारी होता आणि चेअरमन हौशी. तरुणपणी ते शिकायला हैदराबादला होते. तिथून पदवी आणली का नाही याबद्दल गावात दोन मतं आहेत, पण फुटबॉलचं वेड आणलं हे नक्की. आमच्याकडे लोक कुस्ती बघतात, कबड्डी बघतात, आणि भांडणं तर तिकीट लावलं तरी बघतील. फुटबॉल कुणी बघितला नव्हता. चेअरमननी कारखान्यामागची मुरमाड जमीन सपाट करून घेतली, वर्कशॉपमधून पाइप आणून खांब ठोकले, आणि अकरा तगडी पोरं हंगामी म्हणून कामावर घेतली. हंगामी म्हणजे भोंगा वाजल्यापासून कारखाना बंद होईपर्यंत. मी काट्यावर होतो, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथे. बिरू गाडीतळावर होता, बैलं एकमेकांना शिंगं मारणार नाहीत हे बघायला. चारला सुट्टी झाली की आम्ही पायजमे काढून चड्ड्या चढवायचो आणि चेअरमन छत्री घेऊन कडेला उभे राहायचे.

बिरू शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवरचा. घरची मेंढरं. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, अंगानं सडपातळ, आणि पळायचा कमी. मला सुरुवातीला वाटायचं हा आळशी आहे. नंतर कळलं की चेंडू कुठे येणार ते त्याला आधीच कळतं, म्हणून त्याला पळावंच लागत नाही. मी एकदा विचारलं, "तुला कळतं कसं बे?" तो म्हणाला, "मेंढरू पळायच्या आधी कान हलवतं. माणूस खांदा हलवतो. कान काय अन् खांदा काय." यापेक्षा चांगला धडा मला नंतर कुठल्याही कोचनं दिला नाही, आणि मी स्वतः कोच झाल्यावर तो माझा म्हणून देत आलो आहे.

आम्ही दोघं मधले बॅक. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाला विचारलं किती माणसं आणली, तर तो म्हणतो वीस कोयते, आणि आपण चाळीस माणसं समजायची. एकटा असला तर तो अर्धा कोयता, आणि त्याला कुणी फारसं विचारत नाही. आमचे सामने बघायला गाडीतळावरचे ऊसतोड्येच यायचे. त्यांना स्टॉपर, फुलबॅक हे शब्द ठाऊक नव्हते. ते आम्हा दोघांना मिळून कोयता म्हणायचे. परभणीचा नाहीतर जालन्याचा फॉरवर्ड चेंडू घेऊन सुटला की कडेची एखादी बाई निवांत म्हणायची, "कोयता हाय तवर काय भ्या न्हाई." आणि खरंच नसायचं.

आमचं गुपित होतं बिरूची हाळी. ऑफसाइडचा नियम मी इथे मास्तरासारखा समजावत बसत नाही. एवढंच, की चेंडू सुटण्याच्या क्षणी समोरचा फॉरवर्ड आपल्या बॅकांच्या मागे सापडला तर खेळ थांबतो, तो फसला. म्हणून हुशार बॅक काय करतात, तर ऐन क्षणी दोघंही एकदम एक पाऊल पुढे येतात, आणि फॉरवर्ड आपोआप मागे उघडा पडतो. दोघं एकदम, ही त्यातली अट. एक जरी मागे राहिला तर सापळा मोडला. शहरातल्या संघांत एकजण "अप" म्हणून ओरडतो, ते समोरच्यालाही कळतं. बिरू मेंढरांना वळवायची हाळी द्यायचा. जिभेनं टाळूला मारून काढलेला एक कोरडा खडखडाट आणि त्यामागून बारीक "हिर्रर्र". समोरच्यांना वाटायचं कडेला कुणी जनावरं हाकतोय. माझा पाय त्या आवाजावर उचलला जायचा, मला विचारतही नसे. बिरू हात वर करायचा, लाइनमनचं निशाण वर जायचं, आणि फॉरवर्ड आकाशाकडे बघत शिव्या द्यायचा.

बॅकची नोकरी चमत्कारिक असते. जे झालं नाही ते त्याचं काम. पेपरात गोल करणाऱ्याचं नाव येतं, फोटो येतो. बॅकचं नाव यायला त्यानं चूक करावी लागते. अकरा वर्षं मी पुण्याच्या कंपनीकडून खेळलो, आणि माझ्याकडे एकूण चार कात्रणं आहेत. चारही चुकांची. आणि जी मोठी होती, तिचं कात्रण कुठेच नाही.

हल्ली मी बीडमध्ये कोचिंग घेतो. असं सांगितलं की लोक विचारतात, "नीटचं का जेईईचं?" या गावात कोचिंग म्हणजे चार मजली इमारत, बाहेर शंभर सायकली आणि पहिल्या आलेल्या पोरांचे बॅनर. मी फुटबॉल म्हणालो की ते जरा थांबतात, मग म्हणतात, "बरं बरं, पोलीस भरतीला उपयोगी पडतं." मीही हो म्हणतो. बाविसेक पोरं-पोरी येतात. मी त्यांना अडवायला शिकवतो, खांदा बघायला शिकवतो, चेंडूपेक्षा माणूस सोडू नये हे शिकवतो. ऑफसाइडचा सापळा शिकवत नाही. मागच्या वर्षी छत्रपती संभाजीनगरहून कोर्स करून आलेला एक तरुण कोच मला म्हणाला, "सर, आजकाल सगळे हाय लाइन खेळतात, तुम्ही अजून पोरांना मागे बसवता?" मी म्हणालो, माझी जुनी पद्धत आहे. तो बिचारा मान देऊन गप्प बसला. माझी जुनी पद्धत नव्हती, कधीच नव्हती. आमच्याइतका वर चढून खेळणारा कोयता तेव्हा मराठवाड्यात नव्हता.

माझ्या त्या मोठ्या चुकीचा हंगामही यंदासारखाच आला होता, म्हणजे आलाच नव्हता. दोन पावसाळे कोरडे गेलेले. ऊस उभ्यानं वाळून पाचट झाला, विहिरींच्या तळाला पोरं उतरून वाट्यांनी पाणी भरायची. दसरा गेला, दिवाळी गेली, भोंगा वाजला नाही. माझा बाप तरी रोज सकाळी मान वर करायचा. मग कारखान्याच्या मैदानावर सरकारी छावणी पडली. गायी, बैल, म्हशी, आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं. कारखाना मुका आणि त्याच्या मागे दोन हजार जनावरं रात्रंदिवस हंबरतायत, असं ते चित्र होतं. धुळीला शेणाचा वास आणि वासाला धूळ. आम्ही हंगामी लोक हंगाम नाही म्हणून घरी बसलो. बिरूचं अजून वाईट, कारण मेंढराला छावणीत जागा नसते. मोठी जनावरं घ्यायची असा नियम. त्याचा बाप मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाकडे निघून गेला, ती अर्धी परत आली. आणि त्याआधीच्याच उन्हाळ्यात बिरूचं लग्न झालं होतं. बायको कौसा, उंच, फारशी न बोलणारी. तिला हळद लागली त्या दिवशी मांडवात पाण्याची एकच घागर होती, असं बिरू हसत सांगायचा.

त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीचे क्रीडा अधिकारी येणार असं चेअरमननी जुळवून आणलं. त्यांना संघासाठी बॅक हवा होता. कायमची नोकरी, राहायला खोली. सामन्याच्या दिवशी मी सकाळीच कारखान्यावर आलो होतो आणि दुसरं काम नव्हतं म्हणून काट्याच्या ऑफिसात टेबलं पुसत होतो. चेअरमन तिथल्या फोनवर मोठ्यानं बोलत होते. "एकच? दोन न्हाई घेता येणार? जोडी हाय साहेब ती. बरं. एक तर एक." फोन ठेवला, वळले, मला बघितलं. मग जरा वेळानं म्हणाले, "ऐकलंस ना. बिरूला बोलू नकोस. त्याचं मन खाईल, खेळ बिघडंल." मी म्हणालो, "न्हाई बोलत." ते गेले. मी ते एकच टेबल बराच वेळ पुसत राहिलो.

मला माझी बाजू मांडायची नाही. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. मला वाटलं, बिरू माझ्यापेक्षा चांगला आहे आणि हे त्या साहेबाला दहा मिनिटांत कळेल. एवढंच वाटलं. पुढचं काही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर कदाचित लाज वाटून मोडलंही असतं.

सामन्यासाठी चेअरमननी छावणीच्या चार रांगा तेवढ्या दुपारपुरत्या हलवल्या. चारला आम्ही परभणीच्या संघाविरुद्ध उतरलो. जमीन टणक, चेंडू खुळ्यासारखा उडायचा, आणि कुणी पळालं की त्याच्यामागे धुळीचा पट्टा उभा राहायचा. कडेला छावणीतली माणसं होती. एका रिकाम्या ट्रॉलीत बाया बसल्या होत्या, त्यात कौसा. साहेब चेअरमनच्या छत्रीखाली. पहिल्या अर्ध्यात बिरू असा खेळला की मी त्याच्या शेजारी असून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दोनदा हाळी दिली, दोनदा मी वर आलो, दोनदा निशाण वर गेलं. साहेबांनी चेअरमनच्या कानाला लागून काहीतरी विचारलं आणि चेअरमननी बिरूकडे बोट केलं. हे मी बघितलं.

शेवटची दहाएक मिनिटं असतील. त्यांच्या हाफनं, म्हणजे मधल्या फळीतल्या गड्यानं, मान वर केली, खांदा हलवला, चेंडू मारणार. बिरूची हाळी आली. खडखडाट, मग हिर्रर्र. मी ती ऐकली. स्वच्छ ऐकली. आणि माझा पाय उचलला गेला नाही.

बिरू एक पाऊल पुढे, हात वर. मी एक पाऊल मागे. सापळा मोडला, निशाण वर गेलं नाही, आणि त्यांचा फॉरवर्ड चेंडू घेऊन एकटा सुटला. मी मागे होतो म्हणून त्याला गाठू शकलो. अंग जमिनीवर झोकून मी त्याच्या पायातला चेंडू काढला, मांडी मुरमावर सोलून निघाली, आणि ट्रॉलीतल्या बाया उभ्या राहिल्या. दार मीच उघडं ठेवलं आणि चोरही मीच पकडला. धूळ खाली बसली तेव्हा सगळ्यांना काय दिसलं? मी चेंडूजवळ आडवा, आणि पंधरा पावलांवर बिरू, हात वर केलेला, तसाच उभा.

साहेब सामन्यानंतर आमच्याजवळ आले. माझ्या मांडीकडे बघून म्हणाले, "शाब्बास. मागे थांबलास, शहाणपणा केलास. बॅक असा भरवशाचा लागतो." मग बिरूला विचारलं, "तू हात वर करून उभा काय राहिलास?" मी बोलू शकलो असतो. तोंड उघडायला दोन क्षण पुरेसे होते, ते मिळालेही होते. बिरूच बोलला. "माजी चूक झाली साहेब. हाळी उशिरा गेली. धुळीनं घसा बसलाय." आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बरं झालं तू मागं व्हतास, न्हाईतर गोलच व्हता." त्यानं माझे आभार मानले. त्या थापेची जागा मला आजही दाखवता येईल.

पंधरा दिवसांनी मला पत्र आलं. बिरू मला स्टँडवर सोडायला आला, माझी वळकटी त्यानंच उचलली. म्हणाला, "तिकडं जाऊन आमाला इसरू नको बे." त्याच हिवाळ्यात मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसून तो आणि कौसा कोल्हापूरकडे उसाला गेले. तिकडे पाणी होतं, तिकडे ऊस होता. माझी जागा कौसानं घेतली, असं मला तेव्हाही वाटलं होतं. कोयता पुरा व्हायला दुसरं माणूस लागतंच.

पुण्याचं सगळं नीट झालं. उगाच रडगाणं गात नाही. मी बरा खेळलो, कायम झालो, लग्न केलं, गुडघे खराब झाले, कोचची परीक्षा दिली. कुणी तुमची खासियत काय असं विचारलं की सहकारी सांगायचे, हा कधी जागा सोडत नाही, हा मागेच असतो. माझं नावच पडलं होतं, भरवसा. नवीन पोरं मला भरवसादादा म्हणायची आणि मी ओ द्यायचो.

एकदा, तीन-चार वर्षांनी, आमचा सामना कोल्हापूरला होता. तिथलं मैदान काय भरतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. खेळ ऐन रंगात, त्यांचा हाफ चेंडू सोडणार, आणि मागच्या गर्दीतून ती हाळी आली. खडखडाट, मग हिर्रर्र. मला काही कळायच्या आत, सगळ्यांत मागे असलेला मी एक पाऊल पुढे होतो. निशाण वर गेलं. आमचा कोच कडेला उभा चक्रावला, कारण आम्ही तो सापळा लावतच नव्हतो. मी गर्दीकडे वळून बघितलं. कठड्याला टेकून बिरू उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, उसाच्या पात्यांनी हात ओरखडलेले. तो उसाच्या फडावरून सुट्टी घेऊन आला होता. तोंडभर हसत होता.

तोपर्यंत मी मनाची समजूत काढत आलो होतो. धूळ होती, जनावरं हंबरत होती, ऐकू येऊन पाय उचलायला वेळ लागला असेल, माणसाचंच अंग आहे. त्या दिवशी ऐंशी पावलांवरून, हजारो लोकांच्या गलक्यात, इतक्या वर्षांनी हाळी आली आणि माझा पाय क्षणभरही थांबला नाही. सामना संपल्यावर बिरूला शोधायला कठड्याकडे गेलो तर तो गेला होता. फडावर परतायला ट्रॅक्टर ठरलेला असतो, तो कुणासाठी थांबत नाही. खरं सांगायचं तर तो भेटला नाही याचं मला बरंच वाटलं.

आता त्या फोटोतला बैल बघितल्यावर मात्र मला चहा गोड लागेना. कंडक्टरची गाडी लागली होती. मी त्याच गाडीत बसलो. पोरांना फोन करून सांगितलं, आज सर येणार नाहीत, खांदे बघत पासिंग करा.

शिरूरहून वस्तीपर्यंत जीप. जीपवाला बिरूला ओळखत होता, म्हणाला, "त्या बिरूनानाकडं? चला, च्याबी व्हईल." बिरू दारासमोर दगडावर बसला होता. कमरेतून वाकला आहे. मेंढरं आता दहा-बारा, तीही छावणीत बसत नाहीतच. मला बघून उठायला लागला, मी बसवलं. "आरं भरवसा," तो म्हणाला. हे नाव त्याच्यापर्यंत कुठून आलं होतं कोण जाणे. थोरला मुलगा ट्रॅक्टरवर आहे, धाकटा उसाला गेलाय, सून बरोबर. आतून कौसाचा आवाज आला, "भावजी आलेत व्हय? च्या ठिवते."

जीपवाला टेकून बसला आणि बिरूनं त्याला ती गोष्ट सांगायला घेतली. स्पष्ट दिसत होतं, ती त्यानं पुष्कळदा सांगितली आहे. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, सगळं बसलेलं. "अन् मी आसा," त्यानं बसल्या बसल्या हात वर केला, "खांबावानी उभा. हाळी उशिरा गेली ना बे. घसा बसलेला. ह्यो गडी मागं व्हता म्हणून लाज राहिली. सायबानं ह्याला नेला, बरूबरच केलं. माज्या बायकोनं ट्रॉलीतून बगितलं समदं. आज तीस वर्सं झाली, भाकरी करपली तर मी बोलत न्हाई. बोललो की म्हंते, तुमी हात वर करून उभं ऱ्हावा." जीपवाला खो खो हसला. चहा पिऊन, पोरं शाळेतून आणायची म्हणून निघून गेला.

मग मी सांगितलं. टेबल पुसत होतो तिथपासून सांगितलं. चेअरमनचा फोन, एकच जागा, हाळी, पाय. बोलताना मी त्याच्याकडे बघत नव्हतो, समोरच्या बाभळीकडे बघत होतो.

"ऐकू आलती?" तो शेवटी म्हणाला.

"आलती."

"टायमावर?"

"टायमावर."

तो हातातली काठी जमिनीवर हळूहळू घासत राहिला. "म्हंजी माजी हाळी बरूबर गेलती," तो म्हणाला. मला वाटलं होतं तो चिडेल, आणि मी मनाशी ठरवून आलो होतो की काय बोलेल ते ऐकून घ्यायचं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी हरवलेली वस्तू भलत्याच्या घरात सापडावी तसा तो बघत होता. मग म्हणाला, "तवाच कावून न्हाई सांगितलंस?" मी पुन्हा बाभळीकडे बघितलं.

मेंढरू शिंकलं, कुणीतरी लांब टँकरचा हॉर्न वाजवला. मी म्हणालो, "बिरू, मला माफ करशील असं म्हणत नाही."

"मला काय मागतो माफी," तो म्हणाला. "मी मेंढरामागं निजलेला माणूस, मला फड काय अन् माळ काय. फडात सालं तिनं काढली. दोन लेकरं पाचटात जणली, तिसरं पुरलं बी तिथंच. तिला सांग जा." आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं आत तोंड करून आवाज दिला. "ए कौसा. भाईर ये. ह्यो काय म्हंतोय ते ऐक."

कौसा पदराला हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. केस सगळे पांढरे, मान एका बाजूला कललेली. डोक्यावरून मोळ्या वाहून त्या बायांची मान तशी होते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. कायमची नोकरी म्हणालो, एकच जागा म्हणालो, ती याची होती म्हणालो. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं. बिरू खाली बघत होता. मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल, रडेल. तिनं विचारलं, "खोली दिलती का कंपनीनं तुमाला?"

"दिलती."

"एक?"

"दोन. अन् सैपाकघर."

हाताच्या बोटांवरचं पीठ तिनं दुसऱ्या हाताच्या नखानं खरवडलं.

"अन् नळ? आत व्हता का भाईर?"

"आत व्हता, वहिनी," मी म्हणालो.